खळ्यातली खुंटी

चोपणीच्या दिवशी मरियमबी कुणाचं ऐकत नसे. इतर दिवशी ऐकत असे, असंही नाही, पण चोपणीच्या दिवशी तिच्या हातात जमीन थापायची लाकडी चोपणी असायची, म्हणून कुणी बोलायलाही जात नसे.

पावसाचे दोन-चार शिडकावे येऊन गेले की फेब्रुवारीत हा दिवस ठरायचा. खोरावरून, म्हणजे खाडीवरून, चिखल आणायचा, वाळूत कालवायचा, पाणी मारायचं आणि सगळ्या घरानं ओळीनं बसून जमीन थापून काढायची. दाभोळला भातासाठी खळं करतात तसं. इथे दुबईत, देऱ्याच्या टोकाला, भाताचा दाणाही पिकत नव्हता, पण मरियमबीचे मालक यूनुस यांनी गलबतांची शिडं पसरून शिवायला ही जागा चोपली होती. आपण केलेल्या सपाट जागेला दाभोळचा माणूस दुसरं काय म्हणणार? खळंच म्हणाले. यूनुस गेले, गलबतांना इंजिनं लागली, शिडांचं काम उरलं नाही. खळं उरलं.

मग त्यावर अमेरिकन आले. समुद्रात तेल शोधणाऱ्या कंपनीची माणसं. एप्रिलात त्यांना सौदीतल्या दहरानला जाऊन तिकडच्या अमेरिकनांशी बेसबॉल खेळायचा असे, आणि त्याआधी महिनाभर सराव. मऊ वाळूत चेंडू मरायचा, खडीवर दातांवर उडायचा. यूनुसच्या खळ्यावर मात्र तो शहाण्यासारखा उसळला. तेव्हापासून दर वर्षी त्यांचं स्प्रिंग ट्रेनिंग इथेच. दुबईत झाडांवरून स्प्रिंग कळायची सोय नव्हती; ट्रक भरून अमेरिकन आले की देऱ्यातले दुकानदार म्हणायचे, आला यांचा स्प्रिंग. शुक्रवारी अब्रावाले होड्या बांधून बघायला येत. खेळाला ते अमेरिकन विटीदांडू म्हणत, आणि कोण चांगला मारतो यावर आपसांत भांडतही.

यंदाची चोपणी संपत आली होती. सून रुकय्या स्वयंपाकाच्या झावळ्यांच्या झापात मटणाबरोबरची सांदणं उकडत होती, कारण चोपणीच्या दिवशी दुपारी टीमला घरी जेवण ही रीत पडली होती. मरियमबीनं कंबर सरळ केली आणि तिला खुंटी दिसली.

लाल रंगाची, नवी कोरी. ओल्या खळ्यात नाही, त्याच्याही पलीकडे, विहीर आणि चूल यांच्या मधोमध ठोकलेली. दुसरी घराच्या भिंतीला लागून. तिसरी मागच्या दाराशी. कंपनीची दोन माणसं दोरी घेऊन चौथी ठोकायला निघाली होती.

"ए! खलास!" मरियमबीनं चोपणी उगारली. "यल्ला, बाहेर! माझ्या चुलीत काय ठोकताय?"

माणसं थबकली आणि त्यांनी जहूरकडे पाहिलं. तिच्याकडे नाही, जहूरकडे. तिच्या थोरल्या लेकाकडे, जो कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होता आणि आज सकाळपासून नको इतका गप्प होता.

"जहूर, ह्यांना तू ओळखतोस?"

"अम्मा, आत चल. सांगतो."

"मी कशाला आत जाऊ? खुंट्या बाहेर आहेत. इथेच सांग."

जहूरनं सांगितलं. नवा मॅनेजर हॉलिससाहेब आलाय. त्याला मैदान फिरवायचंय. आता बॅट घेऊन उभा राहणारा मावळतीकडे तोंड करून उभा राहतो, सराव दुपारनंतर, सगळं ऊन डोळ्यात. दर वर्षी दहरानला हरतात. तर मारायची जागा पश्चिमेच्या टोकाला न्यायची, तोंड पूर्वेकडे.

"पूर्वेला तर आपलं घर आहे," मरियमबी म्हणाली.

"तेच तर, अम्मा. मागे पश्चिमेला नवा रोड झालाय, तिकडे सरकायला जागा नाही. म्हणून घर..." त्याला पुढचं बोलवेना. "कंपनी फ्लॅट देतेय. पक्का. लाइट, नळ, सगळं."

ही मूळ चूक बदरुद्दीनची होती, आणि ते तिथेच चिखलात हात भरून बसले होते. मरियमबीचे धाकटे दीर. पहिल्या वर्षी त्या म्हाताऱ्या कोचनं, डॉयलसाहेबानं, त्यांच्या हातात मैदानाचा नकाशा दिला होता आणि त्यावर दिशा नव्हती. बदरुद्दीननं मनानं ठरवलं की हातात लाकूड घेऊन उभं राहणाऱ्यानं किब्लाकडे, म्हणजे मावळतीला मक्केकडे, तोंड करावं, पाठ करू नये. तशी त्यांनी चुन्याची रेघ मारली. डॉयल पहिल्या दिवशी उन्हात डोळे मिचकावत खूप हसला आणि म्हणाला, इथे मारेल तो कुठेही मारेल. राहिलं तसंच.

"मी किब्ला बघून केलं होतं," बदरुद्दीन पुटपुटले.

"कसला किब्ला!" मरियमबी म्हणाली. "चेंडू भाभीच्या चुलीवर येऊ नयेत म्हणून केलंस. तेव्हा केलंस ते बरं केलंस. आता बोल की ह्याला!"

बदरुद्दीन समोरचा थापलेला चिखल पुन्हा थापू लागले. हॉलिसनं त्यांनाही विचारलं होतं. मैदानाची देखभाल, कंपनीचा पगार, युनिफॉर्म. शिडं गेल्यापासून त्यांना कुणी कशाचा कारागीर म्हटलं नव्हतं, आणि म्हटलेलं त्यांना आवडलं होतं.

"भाभी, जमाना बदललाय," ते हळूच म्हणाले. "इंग्रजही जाणार म्हणतात. आपण कुठे झापात बसून राहणार?"

मरियमबीनं धाकट्या लेकाकडे पाहिलं. अहमद उंच, खांद्यानं रुंद; पाच स्प्रिंग तो ह्या अमेरिकनांना सरावाचे चेंडू टाकत होता. हा तरी आपला, असं तिला वाटलं.

"अम्मा, साहेब मला यंदा टीमबरोबर नेतोय," अहमद म्हणाला. "दहरानला. प्रॉमिस केलंय. घर काय, घर कुठेही होतं."

तिनं चोपणी खाली ठेवली. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त तिला एकटं वाटलं. नवऱ्याच्या मयतीच्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं.

"अर्बाब काय म्हणाला?" तिनं विचारलं. जमीन अर्बाबची, म्हणजे ज्या अरबानं यूनुसला ती वापरायला दिली त्याच्या घराण्याची.

"अर्बाब म्हणाला, यूनुसच्या घरचे हो म्हणतील तर फिरवा. नाही म्हणतील तर हात लावू नका."

"मग झालं तर. मी नाही म्हणते."

जहूर मान खाली घालून उभा राहिला. तिनं त्याला जन्म दिला होता. ती मान तिला कळली.

"तू हो म्हणून आलास," ती म्हणाली.

* * *

रुकय्याला झापातून सगळं ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. तिनं तो लपवलाही नाही.

लग्न होऊन राजापूरहून इथे आल्यापासून तिनं खारट पाण्यात भांडी घासली होती. गोडं पाणी गाढवावरून डब्यानं यायचं आणि त्या डब्याची किल्ली सासूकडे असायची, जणू आत अत्तर आहे. नळ! नुसता फिरवला की पाणी. लेक जहांआरा कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून डोळे चोळायची. लाइट! सासूच्या खळ्याचं प्रेम सासूला लखलाभ.

जहूर आत आला तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंत. अम्मा दोन दिवस रुसतील, मग नळाखाली पहिल्या त्याच बसतील."

जहूरनं हांडीवरचं झाकण उचलून परत ठेवलं.

"किती खोल्या आहेत?" तिनं विचारलं.

"दोन."

"मग एक अम्मांना आणि जहांआराला. चाचा आणि अहमदभाय बाहेरच्या..."

"रुकय्या, तो फ्लॅट फॅमिली फ्लॅट आहे."

"मग? आपण कोण आहोत, फुटबॉलची टीम?"

"कंपनीची फॅमिली म्हणजे मिया, बीवी, बच्चा. बस. रूल आहे. चाचांना ग्राउंडवर एक खोली मिळेल. अहमदला लेबर कॅम्पमध्ये."

"आणि अम्मा?"

"अम्माला सध्या दाभोळला पाठवू. बोटीनं. नंतर बघू काही, इन्शाल्ला."

रुकय्यानं चमचा ठेवला. सासूशी ती रोज भांडत होती. मिठावरून, पाण्यावरून, पोरीच्या वेण्या कुणी घालायच्या यावरून. पण पोर पोटात उलटी फिरली होती तेव्हा ह्याच बाईनं खोर पार करून सुईण आणली होती, भरतीच्या वेळी, अब्रावाल्याला शिव्या देत. आणि दाभोळला आता होतं कोण? घर सासऱ्यांच्या थोरल्या भावाच्या मुलांनी कधीच वाटून घेतलं होतं. म्हातारी तिथे कुणाच्या पडवीत राहणार?

"हे अम्मांना सांगितलंत?"

"आज जेवण तर होऊ दे."

"म्हणजे त्यांच्याच चुलीवरची सांदणं खाऊन त्यांना बोटीवर बसवायचं." रुकय्याचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "मला नळ पाहिजे. मी नळासाठी तुमच्या कानाशी रोज कटकट केली, कबूल. पण असा नको. अम्मांना घालवून आलेल्या पाण्यानं मी नमाजासाठी वजू कसा करू, सांगा!"

"हळू बोल."

"का हळू? तुम्ही हळू बोलता म्हणून तर खुंट्या चुलीपर्यंत आल्या."

ती झापाबाहेर आली. सासू खुंटीपाशी खुर्ची टाकून बसली होती, पाय खुंटीला लावून, जणू ती तिच्यासाठीच ठोकली होती. रुकय्यानं सगळं सांगितलं, नवऱ्यादेखत. फ्लॅट, खोल्या, बोट, दाभोळ. मरियमबीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बदरू, तुला हे ठाऊक होतं?"

"बोटीचं? अल्लाकसम नाही, भाभी." बदरुद्दीन उठले, हातावरचा चिखल झटकला आणि पुन्हा बसले. युनिफॉर्मचं स्वप्न असं एका झटक्यात निघत नाही. "जहूर, हे काय रे? मला वाटलं, सगळे एकत्र."

"मला वाटायला वेळच नव्हता, चाचा!" जहूर एकदम ओरडला. "ऑफिसमध्ये साहेब समोर उभा. हो की नाही, नाऊ, असं विचारतो. मी नाही म्हटलं तर उद्या माझ्या खुर्चीवर दुसरा. मग कुणाच्या पगारावर ही चूल पेटणार? शिडांच्या?"

हेही खरंच होतं.

* * *

हॉलिस आला तो टीमला घेऊनच. दहा-बारा गडी ट्रकमधून उतरले, ओलं खळं पाहून शिट्ट्या वाजवल्या, काहींनी वाकून तळहात टेकवून पाहिला. जुन्यांनी मरियमबीला "ममा" म्हणून सलाम केला. हॉलिस चांगला माणूस नव्हता आणि वाईटही नव्हता. त्याला जिंकायचं होतं आणि मधे एक घर येत होतं. तो सरळ जहूरकडे आला आणि इंग्रजीत म्हणाला, चौथी खुंटी का ठोकली नाही?

"माय मदर," जहूर म्हणाला, "शी हॅज सम प्रॉब्लेम."

"काय म्हणतो?" मरियमबीनं विचारलं.

"विचारतोय, काम का थांबलं."

"सांग, मी थांबवलं. ह्या जमिनीवर माझ्या नवऱ्याचं आयुष्य गेलंय. उन्हाचा त्रास होतो तर टोपी घाला म्हणावं. ऊन काय आजचं आहे? घर हलणार नाही. मी हलणार नाही. मला हलवायचं तर ह्या खुर्चीसकट उचला, आणि उचलणाऱ्यानं आपली हाडं आधी मोजून घ्यावीत."

जहूरनं घसा खाकरला. "शी इज नॉट अॅग्रीइंग, सर."

हॉलिस हसला, तुच्छतेनं नाही, समजूत घातल्यासारखा. म्हाताऱ्या बायका कुठेही अशाच, तो म्हणाला. माझीही आई टेक्सासातलं घर सोडेना. पण घरचा कर्ता तू आहेस, थोरला मुलगा. अर्बाबला घरच्यांचा होकार हवाय, तो तू गुरुवारी माझ्या ऑफिसात दिलास. मला तेवढा पुरे. आता ह्या लोकांसमोर एकदा सांग आणि जेवायला बसू.

"साहेब," अहमद मधेच पुढे आला. त्याला राहवलं नाही. "दहरानला मी कुठल्या पोझिशनवर?"

हॉलिसला प्रश्नच कळला नाही. मग कळला. "पोझिशन? सन, यू विल हँडल द गिअर. बॅट्स, बॅग्ज, वॉटर. यू आर व्हेरी गुड विथ द बॉइज."

अहमद लाल झाला. मागे उभ्या असलेल्या जुन्या खेळाडूंपैकी एकानं नजर दुसरीकडे वळवली. अहमद वळला आणि खोराच्या दिशेनं चालू लागला. आईनं हाक मारली तेव्हा तो तिच्यावरच भडकला. "तू खूश ना आता? गेलं माझं दहरान!" त्याचा राग चुकीच्या माणसावर निघत होता, हे तिथे सगळ्यांना कळत होतं आणि त्यालाही.

"जहूर," हॉलिस म्हणाला. "वी आर वेटिंग."

जहूरनं एकदा घराकडे पाहिलं. दोन खोल्या, एक झाप, खारट विहीर. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याला हे घर आवडत नव्हतं. ऑफिसातल्या गोव्याच्या टायपिस्टला तो पत्ता सांगताना लाजत असे. पण गुरुवारी त्यानं जे दिलं ते त्याचं नव्हतंच. आईची जागा, चाचांची मेहनत, अहमदची हौस, सगळं त्यानं एका "येस सर"मध्ये देऊन टाकलं होतं, आणि साहेबानं ते खिशात टाकून वर धन्यवादही म्हटलं नव्हतं. त्याला स्वतःचीच चीड आली. इतकी, की भीती मागे पडली.

"सर, आय सेड येस ऑन थर्स्डे," तो म्हणाला, आणि मग सगळ्या टीमला ऐकू जाईल असं, शब्द तोलत, "दॅट हाउस वॉज नॉट माइन टू गिव्ह. माय मदर सेज नो. सो द फॅमिली सेज नो. आय ऑल्सो से नो."

मग तेच त्यानं आईसाठी मराठीत सांगितलं. बदरुद्दीननं चोपणी उचलली, चुलीजवळच्या खुंटीवर बाजूनं एक घाव घातला, ती हलली. दुसऱ्या घावाला बाहेर आली. युनिफॉर्म गेला.

हॉलिसचा चेहरा बदलला. शारजाला विमानतळामागे जागा आहे, तो म्हणाला. पक्की, सरळ, कुणाच्या आईशिवाय. उद्यापासून तिथे. आणि जहूरनं उद्या ऑफिसला यायचं ते फक्त ड्रॉवर रिकामा करायला.

"काय म्हणतो?" मरियमबीनं विचारलं.

"शारजाला जातात. माझी नोकरी गेली."

तिनं लेकाकडे नीट पाहिलं. तिला रडू येत होतं आणि इतक्या परक्यांसमोर ती रडणार नव्हती. ती उठली.

"जाऊ दे त्यांना शारजाला. पण माझ्या दारातून चोपणीच्या दिवशी कुणी उपाशी जाणार नाही. रुकय्या, पानं घे! सांग साहेबाला, आधी जेवायचं, मग जायचं. भांडण माझं आहे, मटणाचं नाही."

हॉलिस ट्रकमध्ये जाऊन बसला. पण गडी बसले. वर्षभर समुद्रात डब्यातलं खाल्लेली माणसं ती. हॉर्न वाजत राहिला आणि सांदणं संपत राहिली. एकानं, ज्यानं अहमदवरून नजर वळवली होती, जाताना आपला हातमोजा विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

ट्रक गेला. ऊन कलू लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चोपून वाळलेलं खळं रिकामं होतं आणि ते बघवत नव्हतं. अहमद परत आला तेव्हा जहूर खळ्यात उभा होता, ऑफिसच्या पँटीत, हातात फुटकी म्हणून टीमनं केव्हातरी सोडून दिलेली बॅट. आयुष्यात त्यानं ती धरली नव्हती. तो कारकून होता, त्यानं फक्त रन लिहिले होते.

"भाय, काय करतोस?"

"टाक."

"तुला येत नाही."

"म्हणून तर. टाक."

अहमदनं कठड्यावरचा हातमोजा घातला, चेंडू घेतला आणि सगळा राग त्यात घालून टाकला. जहूरला समोर फक्त सूर्य दिसला. त्यानं हवेत बॅट फिरवली. चेंडू मागे भिंतीवर आपटला आणि बदरुद्दीन "या अल्ला" म्हणाले. दुसऱ्या वेळी तो स्वतःभोवती फिरून गुडघ्यावर पडला. रुकय्या पदर तोंडावर घेऊन हसली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्याचं काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिसराही चेंडू गेला.

"स्ट्राइक थ्री!" जहांआरा दारातून ओरडली. "डॅडी, यू आर आउट!"

"झाले तीन," अहमद म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता. "सोड बॅट, भाय. आउट झालास."

जहूरनं गुडघ्याची माती झटकली नाही. तोंड घामानं भिजलेलं, डोळे उन्हानं लाल. त्यानं पाय तिथेच रोवले आणि बॅट पुन्हा खांद्यावर घेतली.

"माझ्या आईच्या खळ्यात मला आउट करणारा कोण?" तो म्हणाला. "टाक."